आधी पब शोध, गाणारे मग

अगं,

पबात गाण्यांचा कार्यक्रम सुरू करायचाय, हा तुझा लांबलचक मेसेज वाचला. तीन गायक ठरलेत, तबलजी तयार आहे, इन्स्टाग्रामचं पान झालं, कार्यक्रमाला नावही मिळालं. राहिला फक्त पब. वरात निघाली आणि मांडवाचा पत्ता नाही, अशी गत आहे ही. लंडनमध्ये नव्याने आलेली बहुतेक मंडळी अशीच सुरुवात करतात. म्हणून तुला उलटं सांगते. आधी पब शोध, घरून चालत जाता येईल असा, आणि काही दिवस तिथे नुसती जाऊन बस.

सोमवारी किंवा मंगळवारी बस, आठच्या सुमाराला. शुक्रवारी पब आपोआप भरतात, तेव्हा तुझी कुणाला गरज नसते. जिथे सोमवारी बारमागचा मुलगा तोच ग्लास पुन्हा पुन्हा पुसतोय आणि कोपऱ्यातले दोन आजोबा बिअरचा एकेक पाइंट तासभर पुरवतायत, तिथे तुला काम आहे. बसल्या बसल्या जरा कान दे. बाटल्यांचा फ्रीज किती घरघरतो? खाली गालिचा आहे की उघडी लाकडी फरशी? फळ्यावर क्विझचा, म्हणजे पबातल्या प्रश्नमंजुषेचा, वार कुठला लिहिलाय? तो वार मोकळा नसतो. मोठा टीव्ही असेल तर चॅम्पियन्स लीगचे फुटबॉल सामने मंगळवार-बुधवारी असतात, हे विसरू नकोस. एका गोलाच्या आरोळीत अख्खी बंदिश वाहून जाते. भिंतीभर पडदे असलेला पब मी तर विचारातच घेत नाही.

मोकळा वार मागणं ही जुनी युक्ती आहे. केंटिश टाउनमधल्या ‘टॅली हो’ या पबात जॅझ चालायचं. १९७१ मध्ये ‘एग्ज ओव्हर ईझी’ नावाच्या अमेरिकन बँडने तिथे सोमवारची रात्र मिळवली. पुढे पब रॉक, म्हणजे पबांत वाजणारं रॉक, म्हणून जी लाट आली तिची सुरुवात बरेच जण इथूनच धरतात. इस्लिंग्टनच्या ‘होप अँड अँकर’चं तळघर त्याच लाटेत गाजलं. त्याही आधी, १९५० च्या दशकात, कॅमडेन टाउनच्या ‘बेडफर्ड आर्म्स’मध्ये मार्गारेट बॅरी बँजो घेऊन गायची आणि मायकल गॉर्मन फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायचा. समोर बसलेले बरेचसे बांधकामावर राबणारे आयरिश. दिवसभर घमेली उचलून आलेला माणूस तिथे पाइंटसाठी यायचा, गाणं त्याच्या बैठकीत येऊन मिसळायचं. आपल्याला सवय मंडळाच्या हॉलची. तिथे लोक खुर्च्या मांडून, फोन बंद करून ऐकायलाच आलेले असतात. पबात तसं नाही, तिथे आपण पाहुणे. “जरा शांतता ठेवा” असं माइकवरून कधी म्हणू नकोस. लोक गप्प झाले तर गाण्याने होतील, नाहीतर होणार नाहीत.

पब चालवणारीशी बोलायला दुपारी तीन ते पाच या वेळात जा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची लागलेली नसते. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. “सोमवारी तुमच्याकडे शुकशुकाट असतो, महिन्यातला एक सोमवार मला द्या, तीन महिने बघू, मग तुम्ही ठरवा,” एवढं सरळ सांग. संस्कृती, विविधता वगैरे भाषण नको. ती गल्ला बघणार आहे, तोही कार्यक्रमाच्या सोमवारचा आणि बिनकार्यक्रमाच्या सोमवारचा शेजारी शेजारी ठेवून. बघू दे, तिचा तो हक्क आहे. मात्र पब कुणाचा आहे हे विचारून घे. स्वतंत्र असेल तर ती जागच्या जागी हो म्हणू शकते. कंपनीने पगारी मॅनेजर बसवलेला असेल तर बिचाऱ्याला वर विचारावं लागतं, आणि ‘वर’ म्हणजे कुठेतरी दूर बसलेला एरिया मॅनेजर. तिथे महिना-दोन महिने धर.

परवान्याची तू जी धास्ती घेतली आहेस ती सोड. पूर्वी खरंच कटकट होती. पबात दोघांनी वाजवलं तर चालायचं, तिसरा बसला की मनोरंजनाचा वेगळा परवाना लागायचा. २००३ च्या कायद्याने ती सूट गेली आणि दोघांनाही परवानगी लागू लागली. लाइव्ह म्युझिक ॲक्ट २०१२ ने ही गाठ सोडवली. पबाकडे तिथेच बसून दारू पिण्याचा परवाना असेल आणि पब चालू असेल, तर सकाळी ८ ते रात्री ११ स्पीकर लावून गायलाही वेगळी परवानगी नको. श्रोत्यांची मर्यादा आधी २०० होती, २०१५ पासून ५०० आहे. तुझ्याकडे चाळीस आले तरी आपण पेढे वाटू. अपवाद एकच: तक्रारींनंतर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, फेरतपासणी करून त्या पबावर खास अटी घातलेल्या असू शकतात. परवान्याचा गोषवारा भिंतीवर लावणं बंधनकारक आहे, पण अटी पुऱ्या परवान्यातच कळतात; तो दाखवायला सांग. (तुझ्या एडिनबराच्या मैत्रिणीला हे पाठवू नकोस, तिकडचा कायदा निराळा.) गाण्यांच्या हक्कांचा ‘द म्युझिक लायसन्स’ पबाने घ्यायचा असतो आणि बहुतेकांकडे असतोच. कुणी स्वतःची गाणी गाणार असेल आणि पीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद असेल, तर गायलेल्या गाण्यांची यादी तिथे कळवायला सांग. थोडे का होईना, पैसे येतात, आणि आपली मंडळी आळसापायी ते सोडून देतात.

खरं घोडं अडतं ते आवाजापाशी. कायदा गायला देतो, पण पलीकडच्या घरात बाळ झोपलं असेल तर कौन्सिलला फोन करायचा शेजाऱ्याचा हक्क शाबूत आहे, आणि त्याचा भुर्दंड पबाला पडतो. भिंतीपार जातो तो खर्ज, म्हणून बास गिटार आणि ड्रमचा पूर्ण संच पहिल्या वर्षी नकोच. पबात साउंड लिमिटर बसवलाय का हेही विचार. भिंतीवर दिव्यांची छोटी पेटी असते; आवाज हद्दीबाहेर गेला की तांबडा दिवा लागतो आणि काही क्षणांत प्लगची वीजच जाते. तान भर रंगात आलेली आणि माइक मुका! तबल्याच्या डग्ग्याला माइक अगदी जवळ लावलास तर हे हमखास होईल. छोट्या खोलीत तबल्याला माइक लागतच नाही, हवा तो गळ्याला.

बसायची जागा आधी ठरव, बाकी सगळं मग. पाठीला भिंत हवी. स्वच्छतागृहाच्या वाटेवर नको, डार्टबोर्डसमोर तर नकोच, आणि आणीबाणीचं दार अडता कामा नये. स्पीकरचं तोंड बारकडे असेल तर बारवाल्या पोरांना ऑर्डर ऐकू येत नाहीत, लोक कंटाळून परत बसतात आणि तिचा गल्ला तिथेच मार खातो. म्हणून स्पीकर जरा तिरके, खोलीच्या दुसऱ्या अंगाला. वायरींवर टेप मार. रात्री नऊनंतर कुणाचे पाय नीट पडत नाहीत.

तुझी हार्मोनियम आण, जरूर आण. पण गिटारवाल्याला आधीच सांगून ठेव की पेटी आहे त्या सुरातच राहणार, जुळवून त्यालाच घ्यावं लागेल. हे लोकांसमोर सुरू केलंत की नमनालाच घडाभर तेल जातं. साडेसातला, खोली रिकामी असताना उरकून टाका.

गाणारे शोधायचे तर दुसऱ्यांच्या ओपन माइकला जा, म्हणजे जिथे कुणीही उठून गाऊ शकतं अशा रात्रीला. कोण छान गातं ते कुणालाही कळतं. तू बघ, आपलं गाणं झाल्यावर कोण थांबतं. दुसऱ्याचं ऐकत शेवटपर्यंत बसणाऱ्याला बोलाव. गाऊन, चार मित्रांना घेऊन निघून जाणारा कितीही गोड गात असो, साडेनऊला खोली रिकामी करून जातो. आयरिश सेशनलाही, म्हणजे पबात गोल करून वाजवणाऱ्यांच्या बैठकीलाही, जाऊन ये, पण पेटी घेऊन थेट गोलात घुसू नकोस. आधी ऐक, ओळख होऊ दे, कुणी बोलावलं तर बस. बौरान नावाचा त्यांचा डफ एका वेळी एकानेच वाजवावा, असा तिथला अलिखित संकेत आहे. पेटीचंही तसंच समज.

रात्रीची आखणी साधी ठेव: आठला सुरुवात, पाऊण तास गाणं, वीस-पंचवीस मिनिटं मोकळी, पुन्हा पाऊण तास. मधली वेळ कापू नकोस, बारची कमाई तेव्हाच होते. साडेदहाच्या आत सगळं बंद.

पैशांचं आधी बोलून घे. पब ठरावीक रक्कम देणार, की पैसे टाकायला लोकांत जग (भांडं) फिरवायचा, की दोन्ही? जग फिरवायचा तर शेवटच्या गाण्यानंतर नाही, त्याच्या आधी. शेवटच्या टाळीबरोबर लोक कोट चढवतात. हल्ली कुणाच्या खिशात नाणी नसतात, तेव्हा शेजारी कार्डाचं यंत्र ठेव. जमेल ते गाणाऱ्यांत त्याच रात्री, सगळ्यांसमोर वाट. “तिकिटं तुम्ही खपवा, मग वाजवायला देतो” असं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. आणि एवीतेवी हे करणारच आहेस, तर म्युझिशियन्स युनियनची सभासद हो. सभासदत्वात एक कोटी पौंडांपर्यंतचा पब्लिक लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्यामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईचा विमा, येतो, आणि बरेच पब तो कागद मागतात. उपकरणांच्या विद्युत तपासणीचं स्टिकरही मागतील.

माझा जुना मिक्सर माळ्यावर पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा. वायरी मात्र नव्या घे, माझ्या खरखरतात. येताना तीन पबांची नावं आण, प्रत्येकासमोर क्विझचा वार लिहून.

तुझी,
ताई