पांढऱ्या फुलांचं हे झुडूप तुंबा आहे का?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतं ते असं: चौकोनी खोड, पेऱ्याभोवती पांढऱ्या फुलांचा गेंद, फुलाच्या वरच्या ओठावर दाट लव. एवढ्यावरून हा ल्यूकास, म्हणजे तुंबा आणि बुरुंबी ज्यात येतात ती प्रजाती, हे नक्की. पण तुंबा की बुरुंबी, असं तुम्ही विचारलंय आणि त्याचं उत्तर या फोटोत नाही. फोटो सुंदर आहे, पण वरून काढलेला आहे. ल्यूकासच्या जाती वेगळ्या करायला फुलाखालचा हिरवा पेला, म्हणजे निदलपुंज, बघावा लागतो. तुंब्यात त्याचं तोंड तिरकं असतं. बुरुंबीत ते सरळ असतं आणि दाते चांदणीसारखे बाहेर पसरलेले असतात. फुलं गळून गेलेला जुना गेंद सापडला तर उत्तमच, त्यात हे सगळं उघडं दिसतं.

पुन्हा जाल तेव्हा आधी दोन पावलं मागे सरून अख्खं झाड टिपा: सरळ उभं आहे, की जमिनीलगत पसरलंय? मग फूल समोरून, बाजूने आणि देठाकडून. शेवटचे दोन कोन लोक हमखास विसरतात. सोनकीसारख्या पिवळ्या फुलांत तर गेंदाखालची हिरवी छदं, म्हणजे छोट्या पानांसारखे भाग, दिसल्याशिवाय बोलायची सोय नसते. हबेनारिया या आमरीत (ऑर्किडमध्ये) फुलामागची शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी नळी, किती लांब, अंडाशयापेक्षा मोठी की लहान, हे फक्त बाजूनेच कळतं.

पानांचे निदान तीन फोटो हवेत: वरची बाजू, खालची बाजू आणि पान खोडाला जिथे जुळतं तो पेरा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठाच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे चिमुकली पानं, आहेत का, हे पेऱ्यावरच दिसतं. संयुक्त पानात, म्हणजे एकच पान अनेक छोट्या पर्णिकांचं बनलेलं असतं तिथे, एक घोटाळा नेहमी होतो: पर्णिकेलाच पान समजून फोटो येतो. कक्षकळी, म्हणजे देठ आणि खोडाच्या बेचक्यातली कळी, बघा. ती पानाच्या बगलेत असते, पर्णिकेच्या नसते. मोठ्या वृक्षाखाली पडलेलं पान उचलून टिपलंत तर तसं लिहा. ते शेजारच्या झाडाचंही असू शकतं.

फोन अगदी जवळ नेला की फोकस मागच्या गवतावर जातो. दहा-पंधरा सेंटिमीटर मागे सरा, दुप्पट झूम करा आणि फुलावरच बोट टेकवा. पांढरं फूल हिरव्या पार्श्वभूमीवर करपून नुसता पांढरा डाग उरतो, तुमच्या फोटोत वरच्या दोन फुलांचं तेच झालंय. बोट टेकवल्यावर उजेड थोडा खाली ओढा. भर उन्हात छत्रीची किंवा स्वतःची सावली पाडा. पठारावरच्या वाऱ्यात एका हाताने देठ धरावा. बोट फोटोत आलं तरी काही बिघडत नाही, उलट मागे तळहात असला तर फोकसही लवकर लागतो. निळा-जांभळा रंग फोन हटकून बदलतो, म्हणून डोळ्यांना कसा दिसला ते शब्दांत लिहा.

मापासाठी पट्टी ठेवा, तीही फुलाच्याच पातळीवर. मागे किंवा पुढे गेली की माप फसतं. नाणं टाळा, एक रुपयाची नाणीच वेगवेगळ्या आकारांची आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने ते दाबले जातात आणि लव वगैरे बारकावे पुसले जातात. सोबत तारीख, तालुका आणि जागा कशी होती ते द्या: कातळसडा, ओढ्याकाठ, शेताचा बांध की जंगलातली सावली. कंदीलपुष्प किंवा दुर्मीळ आमरी असेल तर नेमकं ठिकाण उघड करू नका, कंद उपटून नेणारेही वाचत असतात.

रानभाजी म्हणून खायचा विचार असेल तर कितीही चांगल्या फोटोवर विसंबू नका, गावातल्या जाणत्या माणसाला प्रत्यक्ष झाड दाखवा. तुमच्या झुडपासाठी मात्र निदलपुंजाचा बाजूने एक आणि पानाचा एक फोटो टाका, तेवढ्यावर तुंबा की बुरुंबी ते बहुतेक सांगता येईल.