दोन्ही उमेदवार नको असतील तर अमेरिकेतला मतदार करतो तरी काय?

तुम्ही विचारलंय की तुमची बहीण नुकतीच अमेरिकन सिटिझन झालीय, राष्ट्राध्यक्षपदाचे दोन्ही उमेदवार तिला पटत नाहीत, तिथं आपल्यासारखं नोटा आहे का आणि नसेल तर तिनं मत द्यायला जावं तरी कशाला. मी स्वतः २०१६ ला अगदी याच जागी उभी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. नोटा फक्त नेवाडा राज्यात आहे, १९७० च्या दशकापासून, बाकी कुठंच नाही. आणि जावं का, तर हो, जावंच, पण नोव्हेंबरच्या आधी एक दिवस येतो त्या दिवशी जाणं जास्त गरजेचं आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मी मूळची साताऱ्याची, २००२ पासून मिशिगनमध्ये डेट्रॉईटच्या बाजूला राहते, ओकलंड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). नवरा गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत आहे, इथली निम्मी मराठी मंडळी त्याच धंद्यात. २०१५ ला शपथ घेतली, त्यामुळं राष्ट्राध्यक्षासाठी माझं पहिलं मत २०१६ चं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन विरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे डोनाल्ड ट्रम्प. ते वर्ष ज्यांनी इथं काढलंय त्यांना सांगायला नको. ७ ऑक्टोबरला ट्रम्प यांची बायकांबद्दल बोललेली ती टेप बाहेर आली, २८ ऑक्टोबरला एफबीआयचे डायरेक्टर कोमी यांचं क्लिंटन यांच्या इमेलवरून पत्र आलं आणि ३० तारखेला दिवाळी. आमच्या दोन घरांमध्ये दहा वर्षं फराळाचे डबे इकडून तिकडं जायचे, त्या वर्षी गेले नाहीत. व्हॉट्सअपवर कुणीतरी काहीतरी लिहिलं, दुसऱ्यानं त्यावर लिहिलं आणि संपलं. मला त्याचा अजून त्रास होतो कारण त्यातल्या कुणालाच आपला उमेदवार मनापासून आवडत होता असं नव्हतं, जो तो समोरच्याची भीती सांगत होता.

हे फक्त आमच्याकडंच होतं असंही नाही. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं मतदानाच्या तोंडावर घेतलेल्या सर्व्हेत ६१ टक्के लोकांचं ट्रम्प यांच्याबद्दल वाईट मत होतं आणि ५२ टक्के लोकांचं क्लिंटन यांच्याबद्दल, १९५६ पासून ते हे मोजतायत आणि इतके नावडते दोन उमेदवार समोरासमोर कधी आलेच नव्हते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं तेव्हा १८ टक्के म्हणाले आम्हाला दोघंही आवडत नाहीत. शंभरातले अठरा, आणि तरी रांगेत उभं राहून मत देऊन आलेले! त्यातल्या ४७ टक्क्यांनी ट्रम्पना दिलं, ३० टक्क्यांनी क्लिंटनना, बाकीचे तिसरीकडं गेले नाहीतर कुठंच नाही.

त्या कुठंच नाही वाल्यांत मी होते.

८ नोव्हेंबर, मंगळवार, इथं सुट्टी नसते, ऑफिसच्या आधी सकाळी गेले. शाळेच्या जिममध्ये बूथ होता. एक फॉर्म भरायचा, लायसन्स दाखवायचं, मग तुम्हाला मतपत्रिका मिळते आणि ती झाकून न्यायला पुठ्ठ्याचं पाकीट. आपल्याकडं एक बटन दाबलं की काम झालं, इथं तसं नाही, भला मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षाच्या सहा जोड्या, हो सहा, दोन नव्हे, मग काँग्रेस, राज्याची विधानसभा, शिक्षण मंडळ, तीन विद्यापीठांच्या बोर्डांचे मेंबर, काउंटीचे अधिकारी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सुद्धा. प्रत्येक नावाशेजारी एक लंबगोल, तो काळ्या पेनानं भरायचा. मी मागच्या बाजूनं सुरुवात केली. तिथं चार काउंट्यांमध्ये बस आणि ट्रेन सुधारायला वीस वर्षांचा टॅक्स लावायचा का असा प्रस्ताव होता, त्याला मी मनापासून हो केलं, कारण माझे सासरे इथं आले की गाडीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानात पण जाता येत नाही म्हणून सहा महिने खिडकीत बसून काढतात. (तो प्रस्ताव थोडक्यात पडला. त्याचं दुःख मला राष्ट्राध्यक्षाच्या निकालाइतकंच झालं, खरं सांगते.) मग पुढची बाजू, खालून वर सगळं भरत आले आणि सगळ्यात वरच्या रकान्यापाशी पेन थांबलं. किती वेळ उभी होते माहीत नाही, बाजूच्या बूथमधली माणसं दोनदा बदलली. शेवटी तो रकाना कोरा ठेवला आणि कागद मशीनमध्ये सरकवला. दोन ठिकाणी खूण केली असती तर मशीननं अडवलं असतं, एक रकाना कोरा असेल तर ते काही म्हणत नाही. मशीननं कागद आत ओढला, आकडा एकनं वाढला, मला स्टिकर मिळाला.

मला तेव्हा वाटलं होतं की मी निषेध नोंदवला.

ट्रम्प मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी जिंकले, जवळजवळ ४८ लाख मतांमधून. आणि ज्यांनी मतपत्रिका टाकली पण राष्ट्राध्यक्षाचा रकाना भरलाच नाही अशी मंडळी राज्यात पंचाहत्तर हजारांच्या वर होती. मग सुरू झालं, तुम्ही कोरं ठेवलंत म्हणून क्लिंटन हरल्या. हा आरोप मला आजही पटत नाही कारण त्या हजारोंतले कोण कुणाकडं गेले असते हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मला लागलं ते वेगळंच, आणि ते लक्षात आणून दिलं आमच्या आण्णांनी.

आण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, म्हणजे आयुष्यभर इलेक्शन ड्युटी आलीच. मशीन यायच्या आधी कागदाच्या पत्रिका आणि शिक्का होता तेव्हापासून. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, मग तू कुणाला दिलंस? मी सांगितलं, कुणालाच नाही, कोरं ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, मोजणीला कोरी पत्रिका आली की आम्ही ती बाद मतांच्या गठ्ठ्यात टाकायचो. कुणी रागानं कोरी सोडली, कुणाला शिक्का मारायचा जमला नाही, कुणाचा दोन चिन्हांच्या मधे बसला, सगळी एकाच गठ्ठ्यात. गठ्ठ्याला सुतळी बांधली की झालं. तुझा राग वाचणार कोण?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसले. कारण मिशिगनमध्ये नेमकं तेच झालं होतं, फक्त सुतळी नव्हती. त्या आकड्यात विसरलेले होते, गोंधळलेले होते, चिडलेले होते आणि बघणाऱ्याला सगळे सारखेच.

आता नेवाडा बघा. तिथं त्याच दिवशी 'यांपैकी कोणीही नाही' या छापील ओळीवर २८,८६३ मतं पडली आणि क्लिंटन तिथं जिंकल्या २७,२०२ च्या फरकानं, म्हणजे नाराजांचा आकडा फरकापेक्षा मोठा, आणि तो कायमचा नोंदीत आहे. त्या ओळीला कितीही मतं पडली तरी निवडून माणूसच येतो, आपल्या नोटाचंही तेच. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल दिला आणि बटन आलं. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता, सत्तावीस हजारांच्या वर, आमदार व्हायचा तो झालाच. पण आज सुद्धा ती गोष्ट निघते की नाही? माझ्या कोऱ्या रकान्याची निघत नाही.

नाव हातानं लिहायचा मार्ग आहे असं बहिणीला कुणीतरी सांगेल. सांगायला सोपं आहे, पण मिशिगनमध्ये ज्यानं आधी रीतसर कागद भरून ठेवलेत त्याचंच हातानं लिहिलेलं मत मोजतात. डेमोक्रॅटिक उमेदवारीत क्लिंटन यांच्याकडून हरलेले बर्नी सँडर्स यांचं नाव लिहून आलेले आमच्या ओळखीत आहेत, त्यांचं मत मोजलंच गेलं नाही. तिसऱ्या पक्षाला दिलेलं मत मात्र मोजतात, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाईन यांना मिशिगनमध्ये एक्कावन्न हजारांवर मिळाली, लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना एक लाख बहात्तर हजार. तिला त्यातलं कुणी खरंच पटत असेल तर जरूर द्यावं, कुणी 'वाया घालवलंस' म्हटलं तरी.

पण माझं खरं म्हणणं पुढं आहे. हे दोघं आले कुठून? आपण नोव्हेंबरमध्ये जेवायला बसतो आणि ताटात दोनच भाज्या का म्हणून ओरडतो, बाजार तर मार्चमध्येच झालेला असतो. तो बाजार म्हणजे प्रायमरी, पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला आधी होणारं मतदान. २०१६ ला देशाची लोकसंख्या ३२ कोटी, दोन्ही पक्षांच्या प्रायमरीत मिळून मत दिलं सहा कोटींच्या आसपास लोकांनी आणि क्लिंटन आणि ट्रम्प यांना दोघांना मिळून पडली साधारण ३ कोटी १० लाख. बस, एवढ्यांनी ठरवलं. रिपब्लिकनांकडं तर सुरुवातीला सतरा जण उभे होते, सतरा! साऊथ कॅरोलायनात ट्रम्पना ३२.५ टक्के मतं पडली आणि तिथले ५० च्या ५० डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) त्यांना मिळाले कारण बाकीची मतं पाच जणांत वाटली गेली, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात त्यातला प्रकार. मेन राज्यानं त्याच नोव्हेंबरमध्ये पसंतीक्रमाची पद्धत जनमतानं घेतली, म्हणजे पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्या पसंतीला जातं, ती सगळीकडं यावी असं मला फार वाटतं.

आणि मिशिगनची प्रायमरी ८ मार्चला होती, मी गेलेच नाही. मला वाटायचं ते पार्टीवाल्यांचं काम, आपण कुठं मेंबर आहोत. मिशिगनमध्ये मेंबर असावंच लागत नाही! जाऊन सांगायचं की या पक्षाची पत्रिका द्या, झालं. (कुठली मागितली याची नोंद राहते, ते बऱ्याच जणांना आवडत नाही, मला पण नाही.) न्यूयॉर्कसारख्या राज्यात उलट आहे, तिथं पक्षाचं नाव कित्येक महिने आधी नोंदवावं लागायचं, २०१६ ला ट्रम्प यांच्या दोन मुलांना सुद्धा वेळेत न नोंदवल्यामुळं वडिलांना प्रायमरीत मत देता आलं नाही. आणि ज्याला मी नोव्हेंबरमध्ये शोधत होते ते मिशिगनच्या प्रायमरीच्या पत्रिकेवर छापलेलंच असतं, 'अनकमिटेड', म्हणजे यातला कुणीच नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पत्रिकेवर एक लाखाहून जास्त लोकांनी तिथं खूण केली, बहुतेकांनी गाझावरून, आणि देशभर त्याची बातमी झाली. पटो न पटो, तो राग वाचला गेला.

अजून एक सांगते. २०१६ च्या मतदानानंतर दोन दिवसांनी केटी फाही नावाच्या मिशिगनच्याच एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं की मतदारसंघांच्या सोयीस्कर आखणीविरुद्ध काम करायचंय, कुणी येतंय का. त्यातून सव्वाचार लाखांवर सह्या गोळा झाल्या आणि २०१८ मध्ये ६१ टक्के मतांनी राज्यघटना बदलली, आता आमचे मतदारसंघ पुढारी आखत नाहीत, तेरा साधी माणसं आखतात. राष्ट्राध्यक्षाशी याचा थेट संबंध नाही, मला माहितीये. पण मी त्या सह्या गोळा केल्यात. लायब्ररीच्या दाराबाहेर, नोव्हेंबरच्या थंडीत बॉलपेन गारठून चालेना म्हणून दोन पेनं जॅकेटच्या आत ठेवायची आणि आलटून पालटून काढायची. एका शनिवारी चार तासांत एकतीस सह्या झाल्या. प्रत्येक कागदावर काउंटीचं नाव आणि खाली माझी सही, की या माझ्यासमोर झाल्या. कोऱ्या रकान्यानंतर वर्षभरानं पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तर बहिणीला विचारा ती कुठल्या राज्यात आहे. मग तिला राज्याच्या निवडणुकीच्या साईटवर तीन गोष्टी बघायला सांगा, प्रायमरी कधी, पक्ष नोंदवावा लागतो का आणि लागत असेल तर शेवटची तारीख, आणि नमुना मतपत्रिका. नमुना घरी प्रिंट काढून मागची बाजू आधी वाचायची. काही अडलं तर इथं कमेंटमध्ये लिहा, मिशिगन असेल तर मी नक्की सांगू शकेन.