कॅथलिक संन्यस्त संघात फादर होण्यासाठी किती वर्षे लागतात आणि घरच्यांनी मुलाची कोणती तयारी करून घ्यावी?

ताई, बारावी झालेला आपला मुलगा एका संन्यस्त संघात जाऊन फादर होण्याचे म्हणतो, घरी सहा एकर कोरडवाहू शेती आहे आणि तो एकुलता एक आहे, असे आपण लिहिले आहे. मी दर्यापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यातला. १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षे मी एका संघात उमेदवार होतो, त्यांतील एक वर्ष नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रते घेण्यापूर्वीच्या तयारीच्या काळात, काढले, आणि पुढे फादर न होता घरी परतलो. आपल्या प्रश्नातील ‘घरच्यांनी’ हा शब्द वाचल्यावर उत्तर न लिहिता राहवले नाही.

वर्षांचा हिशेब आधी सांगतो. सुरुवातीचे एक-दोन वर्षे भाषा, प्रार्थना आणि एकत्र राहण्याची सवय यांत जातात. त्यानंतरचा नोव्हिशिएट चर्चच्या नियमानुसार किमान बारा महिन्यांचा असावा लागतो; येशू संघासारख्या काही संघांत तो दोन वर्षांचा असतो. त्याच्या शेवटी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची पहिली व्रते होतात. बहुतेक संघांत ती तात्पुरती असतात, किमान तीन वर्षांची आणि काही झाले तरी नऊ वर्षांपलीकडे न जाणारी. अभ्यासाची सहा वर्षे धरावी लागतात, दोन तत्त्वज्ञानाची आणि चार ईशज्ञानाची, आणि मध्ये एखादे वर्ष मिशनच्या शाळेत किंवा वसतिगृहात प्रत्यक्ष काम. मग आजीवन व्रते, मग डिकनपद, म्हणजे याजकपदाच्या आधीची पायरी, आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांनी याजकपदाची दीक्षा, जी पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही. आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा सर्वसाधारणपणे अठ्ठावीस ते तीसच्या दरम्यान फादर होतो. बिशपांच्या हाताखाली धर्मप्रांतात काम करणारे फादर होण्याचा मार्ग वेगळा आहे. त्यात नोव्हिशिएट नसतो आणि नागपूरच्या सेमिनरी हिल्सला ज्या सेमिनरीवरून नाव पडले, तशा सेमिनरीत शिक्षण होते.

तयारीबद्दल आपल्याला बहुतेक जण इंग्रजी पक्के करून घ्या असे सांगतील, आणि ते खरेच आहे, म्हणून मी त्यावर वेळ घालवत नाही. मला घराबद्दल लिहायचे आहे.

मी नोव्हिशिएटमध्ये गेलो तो जून १९९३ चा. फोन आमच्या गावात फक्त पोस्टात होता. मी निघालो तेव्हा पेरणी व्हायची होती आणि वडिलांनी एस. टी.च्या थांब्यापर्यंत माझी पेटी बंडीत घालून आणली होती. दिवाळीच्या सुमारास, पऱ्हाटीची पहिली वेचणी चालू असताना, कापसाचे गाठोडे बंडीवर चढवताना वडील खाली पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. माझी बहीण तेव्हा दहावीत होती. तिने मला पत्र लिहिले. ते पत्र आजही माझ्याकडे आहे आणि त्यात फार काही नाही: “दादा, बाबा बंडीवरून पडले. आईने कळवू नको म्हटले, पण मी कळवते. वेचाईला बाया मिळत नाहीत. तुला आठ दिवस येता येईल का?” एवढेच.

हे पत्र मला नाताळ झाल्यावर, २७ डिसेंबरला मिळाले. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पाहिला तेव्हा ते नोव्हेंबरातच नोव्हिशिएटच्या घरात येऊन पडले होते, हे समजले. आमच्या नोव्हिस मास्टरांनी, म्हणजे नोव्हिशिएटच्या प्रमुखांनी, ते उघडून वाचले होते आणि माझे मन विचलित होऊ नये म्हणून बाजूला ठेवले होते. त्यांनी मला ते सरळ सांगितले. त्यांनी काही लपवले असे मी म्हणणार नाही. नांगराला हात घातल्यावर मागे पाहणारा देवाच्या राज्यास उपयोगी नसतो, हे प्रभूचे वचन त्यांनी मला ऐकवले आणि चॅपेलमध्ये जाऊन वडिलांसाठी प्रार्थना करायला सांगितले. मी गेलो. मी वीस वर्षांचा होतो आणि आज्ञापालनाचा अर्थ मला तेवढाच कळला होता.

त्या दीड महिन्यात घरी काय झाले ते मला पुढच्या उन्हाळ्यात कळले. आई आणि बहीण यांनी मिळून चार एकरांचा कापूस वेचला. कापसाच्या एकाधिकार खरेदीचे, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच विकण्याचे, ते दिवस होते. कापूस केंद्रावर न्यायचा, बंड्यांच्या रांगेत नंबर लावायचा आणि काटा होईपर्यंत तिथेच थांबायचे. पंधरा वर्षांची मुलगी आणि तिची आई दोन रात्री बंडीखाली गोणपाट अंथरून थंडीत झोपल्या, कारण कापूस सोडून जाता येत नव्हते आणि त्यांच्या जागी थांबायला घरात दुसरे कोणी नव्हते. शेजाऱ्यांनी बैल जुंपून दिले, याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण शाळा चुकत गेली ती गेलीच. मार्च १९९४ च्या बोर्डाच्या परीक्षेला बहीण बसली नाही आणि पुढे कधीच बसली नाही. आमच्या घरात गणित तिच्याइतके कोणाला येत नव्हते. चुकाऱ्याचा, म्हणजे कापसाच्या पैशांचा, हिशेब वडील तिच्याकडूनच करून घेत.

मी जून १९९४ मध्ये पहिली व्रते घेतली. वडील काठी टेकत आले. नांगराचे वचन मला ऐकवले होते, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “नांगर धरणारा समोरच पाहतो, हे बरोबर आहे. पण धुऱ्यावर आल्यावर वळावेच लागते, नाही तर नांगर दुसऱ्याच्या वावरात जातो.” त्यांना राग आलेला नव्हता. त्यांनी शेतीची गोष्ट म्हणून ती सांगितली.

पुढे तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी ग्रंथालयात मी १९८३ ची चर्चची कायदेसंहिता वाचायला घेतली आणि नियम ६४९ वर थांबलो. नोव्हिशिएटच्या घरातून एकूण तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते वर्ष ग्राह्य धरले जात नाही, आणि पंधरा दिवसांहून अधिक झाल्यास तेवढे दिवस भरून काढावे लागतात. म्हणजे पंधरा दिवसांपर्यंतची अनुपस्थिती भरूनसुद्धा काढावी लागत नाही. बहिणीने आठ दिवस मागितले होते. ते पान मी किती वेळा वाचले, याची मोजदाद नाही. चर्चने जी जागा ठेवली होती, ती त्या घराने बंद केली होती, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते आजही बदललेले नाही.

माझ्याबरोबर नोव्हिशिएटमध्ये असलेला एक मित्र आज फादर आहे आणि त्याने काही वर्षे उमेदवारांच्या घडणीचेही काम केले आहे. आमच्या पॅरिशच्या सणाला तो येतो, तेव्हा आमचा हाच वाद होतो. त्याचे म्हणणे असे की ते पत्र वेळेवर मिळाले असते तर तू घरी गेला असतास आणि परत आला नसतास. पत्र थांबवले म्हणून तुझ्या पाचारणाला, देवाच्या बोलावण्याला, निदान संधी मिळाली. माझे म्हणणे असे की आठ दिवस घरी जाऊन जे पाचारण टिकत नाही, ते पाचारणच नव्हे, आणि हे मला १९९३ मध्ये कळले असते तर १९९७ पर्यंत थांबावे लागले नसते. कारण शेवटी मी परतलोच. तात्पुरत्या व्रतांची तीन वर्षे पूर्ण झाल्यावर ती पुन्हा न घेण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. तो मी वापरला. शेवटच्या वर्षी मिशनच्या वसतिगृहात काम करताना, घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलांना धीर देण्याऐवजी मी त्यांना देवाचे वचन ऐकवत आहे, हे माझ्या लक्षात आले, आणि मला माझीच भीती वाटली.

त्याच मित्राला मी बायबलमधल्या अलीशाची आठवण करून देतो. अलीशा बैलांच्या बारा जोड्यांनी नांगरत असताना एलीया संदेष्ट्याने त्याच्यावर आपला झगा टाकला, तेव्हा त्याने आधी आईवडिलांचा निरोप घेऊन येतो असे म्हटले, आणि संदेष्ट्याने त्याला अडवले नाही. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे सांगून त्यांना नाकारणाऱ्यांना प्रभूने किती कठोर शब्द वापरले, हेही शुभवर्तमानात आहे. पोप संत योहान पौल दुसरे यांनी १९९२ मध्ये याजकांच्या घडणीवर जे पत्र काढले, त्यात मानवी घडण हा बाकी सर्व घडणीचा पाया म्हटला आहे. रोमने २०१६ मध्ये जो मार्गदर्शक आराखडा दिला, त्यातही घडणीत सहभागी असणाऱ्यांत कुटुंबाला स्थान आहे. बहिणीच्या हातातले पुस्तक सुटत असताना भावाला ते कळू न देणे ही मानवी घडण नव्हे. असा तयार झालेला फादर उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी सांत्वनाला गेला, तर तो काय बोलणार?

आपल्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर आता देतो. मुलाच्या नावावर सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज असेल, तर ते आत्ताच निकाली काढा. जे फेडता येणार नाही अशा कर्जाखाली असलेल्या उमेदवाराला नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असा नियम आहे, आणि काही घरांत पोरगा मोठा झाला की सातबारा आणि कर्ज त्याच्या नावावर चढवतात, तिथे हे विसरले जाते. बाप्तिस्म्याचा व दृढीकरणाचा दाखला काढून ठेवा. पहिल्या व्रतांपूर्वी त्याला आपल्या मालमत्तेचा कारभार कोणाकडे तरी सोपवावा लागेल आणि आजीवन व्रतांपूर्वी कायद्याने ग्राह्य असे मृत्युपत्र करावे लागेल. एकुलता एक असल्यामुळे सहा एकरांचे पुढे काय, हे आज घरात मोकळेपणाने बोलून घ्या. दहा वर्षांनी ते बोलणे अधिक जड जाते. मुलाला सोडायला गेलात तर संचालकांना भेटून नम्रपणे पण स्पष्ट विचारा की घरी आजारपण किंवा अपघात झाल्यास निरोप किती दिवसांत पोहोचेल आणि तो कोण देईल. यावर मनमोकळे उत्तर न देणाऱ्या घरात मी माझा मुलगा ठेवला नसता.

मी सांगितले ते एका घराचे आणि तीस वर्षांपूर्वीचे आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक संघाची स्वतःची नियमावली असते, ती चर्चच्या नियमांवर आधारलेली असली तरी तपशील वेगळे असतात. मोबाइल आल्यापासून पत्र अडवण्याचा प्रश्न तसा उरलेला नाही. नोव्हिशिएटमध्ये फोन जमा करून घेतात, ते मला चुकीचे वाटत नाही, कारण त्या वर्षात शांतता लागतेच आणि त्या शांततेचे मोल मी जाणतो. रोज पहाटे चॅपेलमध्ये बसण्याची सवय मला तिथेच लागली. आमच्या नोव्हिस मास्टरांनी आजारी नोव्हिसच्या उशाशी रात्ररात्र जागून काढलेली मी पाहिली आहे. त्यांच्याविषयी माझ्या मनात वैर नाही, त्यांच्या त्या एका निर्णयाविषयी मात्र आहे.

आणि मुलाकडून घरची तयारी करून घ्यायची असेल, तर जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात त्याला बरोबर घेऊन दसऱ्यानंतरच्या वेचणीचे ठरवा: वेचाईला बाया कोण आणणार, बंडी कोण हाकणार, आपण आजारी पडलात तर दवाखान्यात सोबत कोण येणार, आणि त्याला कळवणार कोण. ज्यांची नावे निघतील त्यांना तो स्वतः जाऊन भेटू दे. नोव्हिशिएटच्या कार्यालयाचा फोन क्रमांकही त्यांच्यापैकी एकाजवळ लिहून ठेवा, फक्त आपल्याच जवळ नको.