आधी मालकाचा कागद, मग माणसाचं नाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

संघाच्या नव्या बास्केटबॉल प्रमुखाचा शोध घेणाऱ्या समितीत टिपणं काढायचं काम तुला मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेली नावांची यादी चांगली आहे, पण ती आठवडाभर बाजूला ठेव. नव्याने उभारणीला निघालेल्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघात दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात: मालक किती वर्षं पराभव सोसायला तयार आहे, आणि कोणता निर्णय कोणाच्या शब्दावर होणार. हे न ठरवता कितीही हुशार माणूस आणला, तरी दोन वर्षांत त्याचे हात बांधलेले दिसतात.

सॅक्रामेंटो किंग्जचं उदाहरण नीट अभ्यास. त्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर 2019 मध्ये हा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळून गेला, म्हणून आपल्याकडच्या पुष्कळांना त्याच्याबद्दल आपलेपणा आहे. 2013 मध्ये रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला तेव्हा आधी मायकेल मलोन हे प्रशिक्षक नेमले गेले आणि जनरल मॅनेजर पीट डीअलेसँड्रो त्यांच्यानंतर आले. म्हणजे खेळाडू निवडणाऱ्याला प्रशिक्षक आयता मिळाला. डिसेंबर 2014 मध्ये 11 विजय आणि 13 पराभव असताना मलोन यांना काढलं. संघाचा मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स त्या वेळी आजारी होता. फेब्रुवारीत जॉर्ज कार्ल प्रशिक्षक झाले, मार्चमध्ये व्लाडे दिवाच वरच्या पदावर आले आणि जूनमध्ये डीअलेसँड्रो बाहेर पडले. दोन वर्षांत सगळी घडी विस्कटली. मलोन यांनी पुढे 2023 मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं, म्हणजे माणसात खोट नव्हती. नेमणुकांचा क्रमच उलटा लागला होता.

डेट्रॉईटमध्येही असंच घडलं. जून 2023 मध्ये प्रशिक्षक माँटी विल्यम्स यांच्याशी सहा वर्षांचा करार झाला. त्या हंगामात संघ सलग 28 सामने हरला आणि 14 विजय आणि 68 पराभवांवर थांबला. मे 2024 च्या अखेरीस ट्रेजन लँगडन प्रमुख म्हणून आले आणि काही आठवड्यांत विल्यम्स गेले, करारातली पाच वर्षं शिल्लक असताना. म्हणून आधी प्रमुख, मग त्याच्या पसंतीचा जनरल मॅनेजर आणि शेवटी प्रशिक्षक, असाच क्रम ठेव. सध्याचा प्रशिक्षक ठेवायचाच असं मालकाने ठरवलं असेल, तर उमेदवाराला ते पहिल्या फोनवरच सांग. तिसऱ्या मुलाखतीत कळलं तर चांगला माणूस उठून जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता कागदाकडे वळ. मालकाशी बसून एकच पान लिहून घे. संघ किती हंगाम प्लेऑफशिवाय (हंगामाअखेरच्या बाद फेरीशिवाय) चालेल, लक्झरी टॅक्स (ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या पगारांवरचा कर) कोणत्या वर्षापासून भरायची तयारी आहे, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) रात्री खोलीत कोण बसेल, मालकाच्या घरच्यांना किंवा भागीदारांना मत आहे का, हे सगळं त्यात आलं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं कलम ड्राफ्ट पिकांचं, म्हणजे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याच्या पाळ्यांचं. संघाला पुढच्या सात ड्राफ्टपर्यंतच्या पिका सौद्यात देता येतात. लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीची एकही पिक उरणार नाही असा सौदा करता येत नाही, हा लीगचा नियम आहे, पण तेवढ्याने उधळपट्टी थांबत नाही. ज्या प्रमुखाचा करार दोन वर्षांत संपतो त्याला सहाव्या वर्षीची पिक परक्याच्या पैशासारखी वाटते. म्हणून त्याच्या कराराच्या मुदतीपलीकडची पहिल्या फेरीची कोणतीही पिक देताना मालकाची लेखी संमती लागेल, असं लिहूनच घे.

किंग्जचा जुलै 2015 चा सौदा कागदावर मांडून पाहा, म्हणजे हे पटेल. संघ नऊ हंगाम प्लेऑफबाहेर होता आणि नवे खेळाडू घ्यायला पगारपत्रकात, म्हणजे लीगच्या पगारमर्यादेखाली, जागा हवी होती. ती करण्यासाठी निक स्टॉस्कस, कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन हे तिघे फिलाडेल्फियाला दिले. वर पहिल्या फेरीची एक भावी पिक दिली आणि 2016 व 2017 मध्ये पिकांची अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. बदल्यात आले दोन युरोपीय खेळाडूंना करारबद्ध करण्याचे हक्क; ते दोघे किंग्जसाठी एकही सामना खेळले नाहीत. मोकळ्या जागेत घेतलेला रॅजॉन रॉन्डो एका वर्षात गेला आणि त्या हंगामात संघाने 33 सामने जिंकले. 2017 च्या लॉटरीत (प्लेऑफबाहेरच्या संघांचा ड्राफ्टमधला क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) किंग्जची पिक तिसरी निघाली आणि फिलाडेल्फियाची पाचवी. फिलाडेल्फियाने हक्क वापरून पाचवी देऊन तिसरी घेतली. दिलेली पिक 2019 मध्ये चौदावी ठरली. ती तोवर बॉस्टनच्या हाती गेली होती. एका उन्हाळ्यातली घाई चार वर्षं फेडावी लागली. मालकाला हा सौदा याच क्रमाने, तारखांसह दाखव.

लॉटरीचे आकडेही त्याच बैठकीत मांड. पूर्वी तळाच्या संघाला पहिल्या पिकेची 25 टक्के शक्यता असे. 2019 मध्ये नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी 14 टक्केच उरली. त्या पद्धतीत सर्वांत खराब कामगिरीचा संघ पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता जवळजवळ 48 टक्के होती. डेट्रॉईट 2023 आणि 2024 अशी दोन्ही वर्षं तळाशी होता आणि दोन्ही वेळा त्याला पाचवीच पिक मिळाली. 2025 मध्ये युटाचंही तेच झालं, आणि पहिली पिक केवळ 1.8 टक्के शक्यता असलेल्या डॅलसने नेली. त्यामुळे ‘हरत राहू आणि तारा मिळवू’ असं म्हणणाऱ्या उमेदवाराला विचार, की दोन वर्षं ओळीने पाचवी पिक आली तर काय करशील. याचं उत्तर लगेच सुचत नसेल, तर त्याने उभारणीचा विचार अर्धाच केला आहे.

फिलाडेल्फियाचे माजी प्रमुख सॅम हिंकी यांचं नाव समितीत कोणीतरी काढेलच. 2013 ते 2016 या तीन हंगामांत फिलाडेल्फियाने 19, 18 आणि 10 सामने जिंकले. पिका जमवण्यात हिंकी फार तरबेज होते. वरचा किंग्जचा सौदा त्यांनीच पदरात पाडून घेतला, आणि जोएल एम्बीडही त्यांच्याच काळात संघात आला. पण एजंटांशी संवाद तुटक होता, आणि कोवळ्या पोरांना शहाणपण शिकवायला संघात मुरलेले खेळाडू नव्हते. डिसेंबर 2015 मध्ये त्यांच्या डोक्यावर जेरी कोलँजेलो आले. त्यानंतर काही आठवड्यांतच इश स्मिथ आणि एल्टन ब्रँड हे अनुभवी खेळाडू संघात आले, यावरून उणीव कुठे होती ते दिसतं. एप्रिलमध्ये हिंकी यांनी राजीनामा दिला. पिका राखणारा माणूस आणि माणसं राखणारा माणूस एकच असेल तर उत्तम, नसेल तर दोघे नेमावे लागतात. ते मुलाखतीतच ओळखायचं.

सॅम प्रेस्टी 2007 पासून एकाच संघटनेत, आजच्या ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये, आहेत. 2019 मध्ये त्यांनी पॉल जॉर्जला क्लिपर्स संघाकडे देऊन त्याच्या बदल्यात शाय गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या फेरीच्या पाच पिका मिळवल्या. 2020-21 पासून ओक्लाहोमा सिटीने 22, 24, 40, 57 आणि 68 विजय असे हंगाम पाहिले आणि 2025 चं विजेतेपद जिंकलं. क्लिपर्सकडून आलेल्या त्या पिकांतलीच एक 2022 मध्ये बारावी निघाली, आणि तिच्यावर जेलन विल्यम्स घेतला. प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट त्यांच्याच विकास संघातून वर आलेले. 22 आणि 24 विजयांच्या वर्षांतही मालकांनी घडी मोडली नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तिथून आलेला माणूस आपल्याकडे तेच करील, असं मात्र धरून चालू नकोस. ट्रॉय वीव्हर तिथूनच डेट्रॉईटला गेले आणि चार हंगामांत 20, 23, 17 आणि 14 विजय झाले. त्यांनी निवडलेली मुलं चांगली होती. लँगडन यांच्या पहिल्याच हंगामात त्याच गाभ्यावर 44 सामने जिंकले गेले.

मुलाखत गप्पांवर सोडू नकोस. उमेदवाराला आपल्या संघाचं तीन वर्षांचं पगारपत्रक आणि पिकांचा तक्ता दे, 48 तास दे आणि तीन सौदे मांडायला सांग. एक आज करण्याचा, एक फेब्रुवारीतल्या सौद्यांच्या मुदतीपर्यंत थांबण्याचा आणि एक नाकारण्याचा. बारकावे त्याच्या नजरेत येतात का ते पाहा. नियमित हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत एकूण पगार कॅपच्या (लीगच्या पगारमर्यादेच्या) 90 टक्क्यांवर न्यावा लागतो. 2025-26 ची कॅप 15 कोटी 46 लाख डॉलर होती, म्हणजे सुमारे 13 कोटी 92 लाख डॉलर तर द्यायचेच होते. मग तोच पैसा दुसऱ्या संघाचा नकोसा करार पिकेसह उचलण्यात का लावू नये, हे त्याला आपणहून सुचलं पाहिजे. पहिल्या फेरीतल्या नवख्याच्या तिसऱ्या वर्षाचा निर्णय त्याच्या दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच, 31 ऑक्टोबरपर्यंत, घ्यावा लागतो, हेही त्याच्या तक्त्यात दिसायला हवं.

जुन्या संघाचे स्काउटिंग (खेळाडू पारखण्याचे) अहवाल किंवा फाइली कोणी पुढे केल्या तर हातही लावू नकोस. न्यूयॉर्क निक्सने 2023 मध्ये अशाच आरोपावरून टोरंटो रॅप्टर्सवर खटला भरला होता. शिवाय जो जुन्या घरचं आणतो तो उद्या आपलंही नेईल.

चौकशीचे फोन तू स्वतः कर. दोन एजंट, त्याच्या हाताखालचा एक प्रशिक्षक, वैद्यकीय विभागातलं एक माणूस आणि त्याने कामावरून काढलेला एक स्काउट. या स्काउटकडून सर्वांत जास्त कळतं. मत जुळलं नाही तेव्हा त्याने ऐकून घेतलं का, आणि चूक झाल्यावर बैठकीत कोणाचं नाव पुढे केलं, एवढं विचार आणि गप्प राहून ऐक.

वेळेचं गणितही जमव. नियमित हंगाम एप्रिलच्या मध्याला संपतो, मेमध्ये शिकागोला ड्राफ्टची चाचणी असते आणि जूनच्या अखेरीस ड्राफ्ट. नवा प्रमुख मेअखेर आला तर जुन्या स्काउटांच्या यादीवरच त्याला निवड करावी लागते. दुसऱ्या संघाशी करार असलेल्या माणसाशी बोलायला त्या संघाची परवानगी लागते. बढती असेल तर ती बहुधा मिळते, त्याच पदासाठी सहसा मिळत नाही. म्हणून पदाचं नाव काय ठेवायचं हे परवानगी मागण्याआधी ठरव.

मालकाच्या त्या पानाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव. पिकांच्या संमतीचं कलम तुझ्या शब्दांत लिही. मी त्यावर खुणा करून सोमवारी परत धाडतो.

तुझा शुभचिंतक