नागपूरच्या कॅथेड्रलमध्ये आतले फोटो काढताना भिंती कलतात, खिडक्या पांढऱ्याफटक येतात. वाइड लेन्स घेऊ का?

लेन्स सध्या घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये दुपारी सदरच्या ऑल सेंट्समध्ये गेलात, फोटोत दोन्ही बाजूंच्या भिंती आत झुकलेल्या आल्या आणि खिडक्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके. पहिली गोष्ट कॅमेरा वर उचलल्याने झाली, दुसरी वेळ चुकल्याने. जास्त वाइड लेन्स लावलीत तर दोन्ही वाढतील, कारण वाइडमध्ये कॅमेरा जरा वर झाला तरी भिंती जोरात कलतात आणि चौकटीत खिडक्याही जास्त येतात.

मी गेली काही वर्षं नागपूर-कामठीकडची जुनी चर्चं सवडीने टिपतोय. माझा सगळ्यात मोठा धडा आपल्या उन्हाचा आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

नागपूर २१ अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. २१ जूनला तर तो डोक्यावरून जरा उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट दुपारचं ऊन छपरावर पडतं, आत येतच नाही. बाहेर पांढरा जाळ, आत अंधार. दोन्हींमधला फरक सहज दहा स्टॉपचा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे हजारपट. एका फ्रेममध्ये तो नीट बसवणं चांगल्या कॅमेऱ्यालाही जड जातं.

डिसेंबरात हे सगळं पालटतं. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला फक्त ४५ अंशांवर असतो. ४५ अंशांचा हिशोब सोपा आहे: दक्षिणेच्या भिंतीतल्या खिडकीचा वरचा काठ पाच मीटर उंच असेल, तर ऊन पाच मीटर आत येऊन फरशीवर पडतं. बाकांवर पडतं, समोरच्या खांबावर चढतं, तिथून उडालेला उजेड छताच्या लाकडापर्यंत जातो. आतला अंधार स्वतःहून दोन-तीन स्टॉप उजळतो आणि तुमची निम्मी अडचण कॅमेरा काढायच्या आधीच सुटते.

परंपरेने चर्चची वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं, त्यामुळे एक लांब भिंत दक्षिणेला येते. भारतात जागेच्या सोयीप्रमाणे हे बदललेलंही दिसतं, म्हणून दारात उभं राहून फोनचं होकायंत्र एकदा बघाच. वेदीमागची खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी ती तुमच्या डोळ्यांवर येणार. ती खिडकी दुपारनंतर टिपा आणि वेदीचं कोरीवकाम सकाळी बाजूच्या उजेडात.

एक अपवाद आहे. रंगीत काचांचाच फोटो हवा असेल तर ऊन नको, ढग हवेत. जुलै-ऑगस्टमधला भरून आलेला दिवस काचेमागे पांढरं कापड ताणल्यासारखा उजेड देतो. काचेवरचं शिशाचं जाळं, चेहऱ्यांवरच्या रंगवलेल्या रेघा, सगळं दिसतं. तेव्हा एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते माप) फक्त काचेचं धरा, भिंत काळी झाली तर होऊ द्या.

आता कललेल्या भिंती. कॅमेऱ्याचं सेन्सर भिंतीला समांतर राहिलं तर उभ्या रेघा उभ्याच येतात. छत चौकटीत आणायला आपण कॅमेरा वर करतो आणि तिथेच रेघा एकमेकींकडे झुकतात. कॅमेऱ्यातली लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी रेघ) चालू करा, कॅमेरा अगदी सरळ ठेवा आणि उभी फ्रेम घ्या. खालची निम्मी चौकट फरशी खाईल, ती नंतर कापून टाका. गायकवृंदाच्या गॅलरीत जाऊ दिलं तर सोनं, कारण तिथून तुम्ही भिंतीच्या अर्ध्या उंचीवर असता आणि काही वाया जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये रेघा सरळ करता येतात, पण तेव्हा कडा कापल्या जातात, म्हणून चारी बाजूंना जागा सोडून काढा. हे जमलं, हात बसला, की शिफ्ट लेन्स (कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते ती) एक दिवस भाड्याने आणा. ती विकत घेण्याची वस्तू बहुतेकांसाठी नाही.

ट्रायपॉड सगळीकडे चालत नाही. मला एका चर्चमध्ये ‘फरशी खराब होते’ म्हणून थांबवलं होतं. त्या दिवशी रुमालाची चौपट घडी करून बाकाच्या पाठीवर ठेवली, त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, एफ ८, शटर दोन सेकंद. सागवानी पाठीचा वरचा काठ हातांनी घासून घासून इतका गुळगुळीत झालेला होता की रुमाल नसता तर कॅमेरा घसरला असता. ती चौकट माझ्या आवडत्या फोटोंपैकी आहे, कारण ती बाकावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली आहे. उभं राहून मी ती कधीच काढली नसती. छतासाठी कॅमेरा मधल्या वाटेत जमिनीवर पाठीवर निजवा आणि बाजूला व्हा.

फ्लॅश नको. चाळीस फुटांवरच्या छतापर्यंत तो पोचत नाही आणि जवळच्या बाकाला मात्र चुना फासल्यासारखं करतो. उजेडाचा फरक फारच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम घेऊन जोडा, पण कोपऱ्यातला अंधार अंधारच राहू द्या. सगळं सारखं उजळलेलं चर्च मंगल कार्यालयासारखं दिसतं. दिव्यांचा पिवळा आणि खिडकीचा निळा उजेड एकत्र येतो, म्हणून रॉमध्ये काढा, म्हणजे ज्या फाइलमध्ये रंग नंतर नीट बदलता येतात त्यात. शक्य असेल तर दिवे बंद करायची विनंती करा.

पंख्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. उंच छतावरून लांब दांड्यांवर लटकणारे पंखे नेमके खिडकीच्या मधोमध येतात. मी सुरुवातीला ते सॉफ्टवेअरने पुसायचो, आता पुसत नाही. ४५ डिग्रीत उपासनेला बसणाऱ्या माणसांनी ते लावलेत, ते या वास्तूचा भाग झालेत. फक्त बंद करून घ्या, नाहीतर लांब एक्सपोजरमध्ये पात्यांची राखाडी तबकडी होते.

हीच चूक लोक जुन्या गोव्यातही करतात. से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही. तरी फोटो असे कोनातून काढतात की पडलेली बाजू झाकली जावी. समोरून सरळ उभे राहा, एकच मनोरा दिसू द्या. अडीचशे वर्षांचा इतिहास त्या रिकाम्या जागेत आहे.

आपल्या ऑल सेंट्सकडेही जरा वेगळ्या नजरेने बघा. इमारत लहान आहे म्हणून तुम्हाला ‘हे कॅथेड्रल कसं’ असं वाटलं. कॅथेड्रल आकारावरून ठरत नाही, बिशपचं आसन जिथे असतं ते कॅथेड्रल. हे चर्च १८५१ चं, लष्करी अभियंता रिचर्ड सँकीच्या नावावर जातं. बंगळुरूच्या ज्या सँकी तलावाला लोक फिरायला जातात, तोच हा सँकी. १९०३ मध्ये नागपूरला आयर चॅटर्टन हे पहिले अँग्लिकन बिशप आले. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला याच आवारात सहा चर्चसंघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यामुळे आवार, झाडं, फाटक यांनाही फोटोत जागा द्या. जवळच सेंट फ्रान्सिस डी सेल्स हे कॅथलिक कॅथेड्रल आहे, तेही त्याच दिवशी बघून घ्या.

घाई न करण्याबद्दल एका माणसाचं नाव सांगतो. फ्रेडरिक इव्हान्स, लंडनचा पुस्तकविक्रेता. तो एकेका कॅथेड्रलपाशी मुक्काम करून उजेड कधी कुठे पडतो ते बघत बसायचा आणि मग काढायचा. १९०३ मध्ये त्याने वेल्स कॅथेड्रलमधल्या जिन्याचा फोटो घेतला. शतकानुशतकांच्या पावलांनी पायऱ्या मधोमध झिजल्यात आणि तिरप्या उजेडात त्या लाटांसारख्या वर चढत जातात. त्यात ना वेदी, ना मनोरा, ना रंगीत काच. इंटरनेटवर शोधा आणि मोठ्या स्क्रीनवर पाहा.

परवानगी आधी घ्या. ऑल सेंट्समध्ये पाद्रीसाहेबांना, कॅथलिक चर्चमध्ये फादरना प्रत्यक्ष भेटा, फोनवर नको. कशासाठी काढताय, कुठे टाकणार, स्पष्ट सांगा. उपासना किंवा मिस्सा चालू असताना कॅमेरा पिशवीतच. एकदा मला रिकामं वाटलेल्या चर्चमध्ये मी शटर दाबलं आणि खांबाआड गुडघ्यावर बसलेल्या एका आजींनी मान वर केली. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा डोळे मिटले. त्या शांततेत तो ‘खट्’ केवढा मोठा होता, ते मला अजून आठवतं. तेव्हापासून सायलेंट शटर लावतो आणि आत शिरल्यावर आधी सगळे खांब फिरून बघतो.

ख्रिसमसची आरास आणि गव्हाणी साधारण ६ जानेवारीपर्यंत असते. तिचे फोटो वेगळे काढा, पण वास्तू हवी असेल तर ७ जानेवारीनंतर जा. सूर्य तेव्हाही खालीच असतो. २४ जानेवारीला सेंट फ्रान्सिस डी सेल्सचा सण असतो, तेवढा दिवस त्या चर्चमध्ये कॅमेऱ्याविना जा. बाकी कुठल्याही दिवशी अकराला पोचा, कॅमेरा न काढता मागच्या बाकावर बसा. आपल्याकडे जानेवारीत सूर्य माथ्यावर यायला साडेबाराला पाच-दहा मिनिटं कमी असतात, तोवर उन्हाचा पट्टा कसा सरकतो ते कागदावर वेळेसकट टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन जा, कॅमेरा तेव्हा काढा.