एलईडी बसवल्यापासून शेवाळ चढतंय: औषध टाकू नका, आधी उजेड कमी करा

तुमची माशांची टाकी दोन बाय एक बाय एक फुटाची, म्हणजे साधारण 54 लिटरची. जुनी 18 वॅटची ट्यूब गेली म्हणून तुम्ही 36 वॅटचा एलईडी बसवला, तो सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो, आणि दीड महिन्यात अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर हिरवं केसाळ शेवाळ चढलं. दुकानदाराने दिलेलं औषध टाकू का, असं विचारलंत. कृपा करून टाकू नका. टाकीत तुमची कोळंबी आहे. शेवाळाच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं आणि कोळंबीला ते अजिबात सोसत नाही.

सगळा घोळ वॅटचा आहे. ट्यूबचा उजेड चारी बाजूंना जातो, त्यातला बराचसा झाकणातच जिरतो. एलईडीचा जवळपास सगळा उजेड खाली पाण्यात पडतो, शिवाय बऱ्यापैकी एलईडी दर वॅटला 100 ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आसपास देतो. म्हणजे तुमच्या टाकीत लिटरमागे साधारण 65 ल्युमेन पडतायत. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस या सावलीतल्या वनस्पती, त्यांना लिटरमागे 10 ते 20 पुष्कळ झाले. 40 च्या पुढे जायचं तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो.

तो का लागतो, हे समजलं की बाकीचं आपोआप सुटतं. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे पानांना तो जेमतेम मिळतो. उजेड दुप्पट केला तरी पान दुप्पट वाढत नाही, कारण कच्चा मालच नाही. उरलेला उजेड आणि माशांच्या विष्ठेतून आलेलं खत शेवाळ उचलतं. त्याची गरज थोडी, आणि अनुबियासचं पान इतकं हळू वाढतं की त्यावर ठाण मांडायला शेवाळाला हवा तेवढा वेळ मिळतो.

म्हणून आजपासून दिवा सहाच तास लावा. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, असेल तर निम्म्यावर आणा. नसेल तर दिवा पाण्यापासून आठ-दहा इंच वर टांगा. शेवाळाने माखलेली पानं देठापासून कापून टाका, ती पुन्हा साफ होत नाहीत. आठवड्यातून दोनदा तीस टक्के पाणी बदला. टाकी पश्चिमेच्या खिडकीपाशी असेल तर पडदा लावा, दुपारचं ऊनही हिशेबात धरायचं असतं.

टायमर घ्याच. मी आधी गोल तबकडीचा स्वस्त टायमर वापरायची. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तो तेवढाच मागे पडायचा, आणि महिनाभरात माझ्या टाकीत मध्यरात्रीपर्यंत उजेड राहायला लागला. टेट्रा मासे फिके पडले, कोपऱ्यात दबून बसायचे. माशांना पापण्या नसतात, अंधार हीच त्यांची विश्रांती. आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो. रात्रभर निळा दिवा ठेवायची पद्धतही सोडा, आपल्याला छान दिसतो पण माशांची झोप जाते.

नवा दिवा घ्यायचाच झाला तर 10 वॅटचा, 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा घ्या. जांभळ्या-गुलाबी दिव्याची गरज नाही. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिपच असते, वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो, आणि पानांना लागणारा निळा-लाल भाग त्यात असतोच. वीज म्हणाल तर 10 वॅट सहा-सात तास म्हणजे महिन्याला साधारण दोन युनिट. आत्ता तुमचे तेरा जातायत.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, कारण घराघरांत हे पाहिलंय. चिकटपट्टीवाली स्ट्रिप झाकणाला आतून चिकटवू नका. माझीच एप्रिलच्या उकाड्यात गोंद सुटून पाण्यात लोंबली होती. नशिबाने 12 व्होल्टची होती. एलईडीची चिप तापते, तिला अॅल्युमिनियमची पट्टी आणि मोकळी हवा लागते. बंद लाकडी झाकणात ती लवकर मंद होते. अडॅप्टर टाकीच्या पातळीपेक्षा वर ठेवा, आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली ठिबकतं, सॉकेटात शिरत नाही.

कापलेली पानं, जास्तीचं मॉस कचऱ्यात टाका. नदीत किंवा पाषाण तलावात नको, तिथे जलपर्णीचाच त्रास आधी पुष्कळ आहे.

तीन आठवडे काही नवं करू नका. जुन्या पानांकडे बघून निराश होऊ नका, फक्त नव्या पानाकडे बघा. अनुबियासचं कोवळं पान गुंडाळीसारखं येतं, पोपटी आणि चकचकीत. ते उलगडून आठवडाभर स्वच्छ राहिलं तर दिवा अर्ध्या तासाने वाढवा, नाहीतर सहा तासांवरच ठेवा. त्या पानाचा फोटो इथे टाका, मी बघते.