हाय-पॉवर रॉकेटचे किट आखताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या हाय-पॉवर, म्हणजे मोठ्या ताकदीच्या मोटरवर उडणाऱ्या, रॉकेटच्या छंदासाठी किट बनवू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे: चार इंची कागदी नळी, दीड मीटर उंची, ३८ मिलिमीटरचा मोटर माउंट (मोटर बसवायची आतली नळी) आणि पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला चालेल असे रॉकेट.

प्रश्न : स्वतःसाठी बरीच रॉकेटे बनवली, आता किट विकायचे आहे. आखणीची सुरुवात कुठून करावी? (वाचक, ह्यूस्टन)

मोटरपासून. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री किंवा ट्रायपोली या संस्थांचे पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र 'एच' आणि 'आय' वर्गाच्या मोटरवर मिळते. 'एच'चा एकूण आवेग (सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ) १६० ते ३२० न्यूटन-सेकंद, 'आय'चा ३२० ते ६४०. तुमचे गिऱ्हाईक बहुधा 'एच'वर पहिले उड्डाण करील आणि प्रमाणपत्र हातात आले की 'आय' लावील. किटला दोन्ही पेलले पाहिजेत. म्हणून माउंट ३८ मिलिमीटरचा ठेवा आणि २९ मिलिमीटरच्या मोटरसाठी अडॅप्टर द्या.

आता वजन. मोटरच्या नावातला आकडा सरासरी जोर सांगतो. 'एच १२८' म्हणजे सरासरी १२८ न्यूटन. जोर वजनाच्या पाचपट असावा, हा रूढ नियम लावला तर मोटर भरलेले रॉकेट २.६ किलोपर्यंत चालते. पण एवढ्यावर थांबू नका, रेल, म्हणजे उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणारा उभा दांडा, सोडतानाचा वेग काढा. २.४ मीटरची रेल आणि वरचे रेल बटण (रेलच्या खाचेत सरकणारे बटण) बुडापासून ०.६ मीटरवर असेल, तर वरचे बटण सुटेपर्यंत रॉकेटला फक्त १.८ मीटर आधार मिळतो. २.६ किलोच्या रॉकेटचा वेग तिथे जेमतेम १२ मीटर प्रतिसेकंद भरतो, आणि पंखांना रॉकेट सरळ धरता यावे म्हणून आपल्याला हवा किमान १५. त्याच मोटरवर वजन २.२ किलोवर आणले तरी वेग १३ च्या आसपासच राहतो. उपाय दोनच: सुरुवातीचा जोर सरासरीपेक्षा बराच जास्त असलेल्या मोटरी सुचवा, किंवा लांब रेलची अट किटसोबतच्या सूचनापत्रकात ठळक छापा. मोटरचा जोर-वेळ आलेख पाहिल्याशिवाय शिफारशीच्या यादीत तिचे नाव घालू नका.

प्रश्न : सिम्युलेशनमध्ये स्थैर्य १.२ कॅलिबर होते, तरी एका गिऱ्हाइकाचे रॉकेट रेल सुटताच डोलू लागले. पंख मोठे करू का? (वाचक, न्यू जर्सी)

आधी त्या रॉकेटचे शेपूट तोलून पाहायला सांगा. स्थैर्य म्हणजे गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) किती पुढे आहे ते अंतर, आणि एक कॅलिबर म्हणजे नळीचा एक व्यास. किटच्या आखणीत सर्वांत जास्त घात इथेच होतो. तुम्ही आखलेले रॉकेट तुम्ही जोडत नाही; जोडणारा पहिल्यांदाच एवढे मोठे काम करत असतो आणि भीतीपोटी इपॉक्सी ओतत जातो. हिशेब असा: गुरुत्वमध्यापासून अर्धा मीटर मागे, दोन किलोच्या रॉकेटला ३०० ग्रॅम जादा इपॉक्सी आणि रंग लागला, तर गुरुत्वमध्य सुमारे ६५ मिलिमीटर मागे सरकतो. चार इंची नळीत एक कॅलिबर म्हणजे १०२ मिलिमीटर. तुमच्या १.२ मधले जवळजवळ ०.६५ तिथेच गेले. त्यात गिऱ्हाइकाने लांब 'आय' मोटर घातली असेल तर उरलेलेही संपले.

पंख मोठे केले की दाबकेंद्र मागे जाते, हे खरे. पण पंखांचे वजनही शेपटाकडेच वाढते आणि वाऱ्यात रॉकेट वाऱ्याच्या दिशेला जास्त वळते. आमचे मत असे, की सर्वांत जड मोटर भरलेली आणि शेपटाला ३०० ग्रॅम जादा धरलेले, या स्थितीत किमान १ कॅलिबर उरेल असा आराखडा करा. ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये शेपटात तेवढ्या वजनाचा घटक घालून हे पाच मिनिटांत तपासता येते. कमी पडले तर नोजकोनमध्ये (रॉकेटच्या निमुळत्या टोकात) वजन बसवायची जागा आधीच ठेवा.

पत्रकात नळीच्या चित्रावर एक रेघ काढा: 'मोटर आणि पॅराशूट भरल्यावर गुरुत्वमध्य या रेघेच्या पुढेच असला पाहिजे.' नुसता आकडा लोक वाचत नाहीत. दोरीत टांगून रेघेशी ताडून पाहा असे लिहिले तर करतात. विक्रीआधी तीन नमुने तीन अनोळखी माणसांकडून केवळ पत्रकावरून जोडून घ्या आणि तिन्ही तोला. त्या तीन वजनांत जेवढी तफावत येईल, तेवढी सूट तुमच्या आराखड्यात हवी.

प्रश्न : आमचे लेझर कटिंगचे युनिट आहे. प्लायचे पंख आणि मोटर नळी मधोमध धरणाऱ्या रिंगा कापून द्यायच्या आहेत, मापे कशी धरावीत? (वाचक, भोसरी)

पहिले म्हणजे बर्च प्लाय मागवा. बाजारातल्या साध्या प्लायमध्ये आतले थर तुटक असतात. पंख नेमका त्या पोकळीवर मोडतो. पाण्यात टिकणाऱ्या फिनॉलिक गोंदाचा प्लाय लेझरला नीट कापत नाही, कडा जळतात.

नळीचा बाहेरचा व्यास १०१.६, आतला सुमारे ९९ मिलिमीटर. ३८ च्या मोटर नळीचा बाहेरचा व्यास सुमारे ४१.४. म्हणजे पंखाची जी जीभ नळीच्या खाचेतून आत जाऊन मोटर नळीला टेकते, तिची उंची साधारण ३० मिलिमीटर. हे आकडे पाठ करून कापू नका; हातातल्या नळ्यांचा प्रत्येक गठ्ठा व्हर्नियरने मोजा. '६ मिलिमीटर' प्लायही कधी ५.६ भरतो. नळीतली खाच पंखाच्या मोजलेल्या जाडीपेक्षा ०.२ मिलिमीटर रुंद ठेवा. रिंगेचा बाहेरचा व्यास नळीच्या आतल्या व्यासापेक्षा ०.२ ने कमी ठेवा. ठोकून बसवावी लागणारी रिंग इपॉक्सी पुढे ढकलत नेते आणि जोड कोरडा राहतो. लेझरची रेघ किती लाकूड खाते, ते तुमच्या यंत्रावर तुकडा कापून मोजा आणि फाइलमध्ये भरून काढा.

पंखाच्या वरच्या थराचे तंतू पुढच्या कडेला समांतर ठेवा. हा नियम मोडून प्लायच्या एका शीटमध्ये दोन पंख जास्त बसवण्याचा मोह होतो. तो टाळाच. काळ्या पडलेल्या कडेवर इपॉक्सी काजळीला चिकटते, लाकडाला नाही; जिभेची कड घासून घ्यावी हे पत्रकात लिहा. आणि पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी किटमध्ये देऊ नका. मोटरच्या उष्णतेने ते मऊ पडते. तीस मिनिटांचे किंवा त्याहून सावकाश सुकणारे द्या.

मोटर नळी मागच्या रिंगेबाहेर १० ते १२ मिलिमीटर यावी, नाहीतर मोटर धरून ठेवणारा रिटेनर बसत नाही.

प्रश्न : इचलकरंजीत कापडाच्या ताग्याच्या कागदी नळ्या स्वस्त मिळतात. त्या चालतील का? (वाचक, कोल्हापूर)

उड्डाणाच्या किटसाठी नाही. त्यांची भिंत बहुतेक ३ ते ५ मिलिमीटर असते. रॉकेटच्या नळीची सव्वा. वजन तिथेच दुप्पट-तिप्पट होते आणि व्यासही सारखा येत नाही, म्हणून नोजकोन व जोडनळी (रॉकेटचे दोन भाग आतून जोडणारी नळी) सैल तरी बसते किंवा अडकते. फिलेट (पंख आणि नळीच्या सांध्यात भरायचा इपॉक्सीचा गोलसर थर) घालण्याच्या आणि खाचा कापण्याच्या सरावाला मात्र त्या छान आहेत.

प्रश्न : असे रॉकेट महाराष्ट्रात उडवता येईल का? (विद्यार्थी, पुणे)

अमेरिकेतल्या प्रमाणपत्राने भारतात मोटर आणण्याचा किंवा उडवण्याचा हक्क मिळत नाही. स्फोटक द्रव्ये बनवणे, आयात करणे आणि साठवणे यावर १८८४ चा कायदा आणि २००८ चे नियम लागू आहेत, आणि परवान्यांचे काम पाहणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय नागपूरला आहे. घरी इंधन मिसळून पाहू नका, साखरेचेही नाही. किटचे सांगाडे म्हणजे कागद, लाकूड आणि कापड. त्यांची आखणी, जुळणी, सिम्युलेशन आणि जमिनीवर पॅराशूट उघडण्याच्या चाचण्या शिकायला हे भरपूर आहे.

प्रश्न : पॅराशूट उघडताना शॉक कॉर्डने (रॉकेटचे सुटलेले भाग एकत्र धरणाऱ्या दोरीने) नळी वरून खाली चिरत नेली. असे का होते? (वाचक, डॅलस)

पॅराशूट चुकीच्या क्षणी उघडले म्हणून. मोटरचा डिले, म्हणजे इंधन जळून गेल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचा वेळ, ठरल्या वेळेपासून एक-दोन सेकंद मागेपुढे होणे नेहमीचे. शिखरापासून दोन सेकंद चुकले की वेग सुमारे २० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. त्या झटक्यात बारीक केवलारची दोरी कागदी नळीच्या काठाला करवतीसारखी कापते. गिऱ्हाइकाचा डिले तुमच्या हातात नाही, त्यामुळे इलाज आराखड्यातच हवा. जोडनळी खालच्या भागात पक्की चिकटवा आणि कॉर्ड तिच्या तोंडाशी बसवलेल्या प्लायच्या चकतीतून काढा. वरची नळी तिच्यावरून सरकून निघेल. मग ओढ चकतीवर येते, पातळ काठावर नाही.

कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या तीन-चारपट, म्हणजे पाच ते सहा मीटर द्या. आखूड कॉर्डमुळे दोन्ही भाग पूर्ण वेगात असतानाच हिसका बसतो, आणि पुष्कळ किटांत पैसे वाचवण्यासाठी नेमकी तीच आखूड ठेवतात. मोटरकडचा भाग केवलारचा, कारण नायलॉन उष्णतेने वितळते. टोकांना गाठीऐवजी शिवलेले फासे द्या. गाठ दोरीची निम्मी ताकद खाते. कॉर्ड अडकवायचा आयबोल्ट वाकवलेल्या तारेचा नको, डोळा वेल्ड केलेला हवा. उघडा डोळा झटक्यात सरळ होतो.

इंधन जळाल्यावर दोन किलो उरणाऱ्या रॉकेटला साडेपाच मीटर प्रतिसेकंदाने उतरवायला सुमारे १.३ मीटर व्यासाचे पॅराशूट लागते, सोबत उष्णतेपासून ते वाचवायला ३० सेंटिमीटर चौरस नोमेक्सचे कापड. याहून मोठे देऊन जास्त सुरक्षित होईल असे वाटते, पण ४०० मीटरवरून याच वेगाने उतरताना पाच मीटरच्या वाऱ्यात रॉकेट साडेतीनशे मीटरहून जास्त वाहत जाते. डॅलसजवळच्या मैदानांना झाडे आणि कुंपणे असतील, तर तेवढेही अंतर पुष्कळ आहे.